देवदर्शनाच्या नावाखाली

ज्या जिन्यावर बसून मी एकदा घसा बसेपर्यंत रडले होते, तो नांदेडचा जिना अजून जागेवर आहे. शिवाजीनगरात, मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की औषधाच्या दुकानाशेजारी. कठडा नवा बसवलाय. पायऱ्या त्याच, मधोमध खोलगट झालेल्या, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. वरच्या मजल्यावर तेव्हा फॅमिली रेस्टॉरंट होतं आणि दर रविवारी संध्याकाळी तिथं गझला चालायच्या. परवाच्या शनिवारी मी लातूरहून सकाळच्या गाडीनं आले, अहमदपूरला गाडी फार वेळ रेंगाळली म्हणून कावले, आणि तरी मैत्रिणीच्या घरी जायचं सोडून पाय इकडेच वळले.

वर आता अभ्यासिका आहे. लाकडाच्या फळ्या ठोकून खोकी केलीत, एकेका खोक्यात एकेक पोर मान घालून बसलेलं. भिंतीवर चारी बाजूंनी एकच पाटी: शांतता राखा. ज्या वीतभर उंचीच्या चौथऱ्यावर पेटी आणि तबला असायचा तो तसाच आहे, त्याच्यावर झेरॉक्सचं मशीन ठेवलंय. टेबलाशी बसलेली मुलगी माझ्याकडे बघून कुजबुजली, "काकू, अ‍ॅडमिशन कुणाचं घ्यायचंय?"

"कुणाचंच न्हाई. नुसतं बघायला आले."

"इथं काय बघायचंय?" ती म्हणाली, आणि तिचं काही चुकलं नाही.

मी पोरांवर वैतागले नाही. लातुरात राहते मी, अभ्यास करणारी पोरं बघायला माझे डोळे सरावलेत. आमच्याकडे संध्याकाळ झाली की सगळं गाव वडापाव खाऊन पुन्हा क्लासला जातं. पण गाण्याच्या जागेवर शांततेची पाटी लावलेली मला बघवेना, ते मात्र खरं. त्याला कारण होतं.

दोन वर्षांमागं माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती. गाठ निघाली, जीव वाचला, सगळं नीट झालं, आणि आवाज मागं राहिला. आधी नुसती हवाच निघायची. मग हळूहळू शब्द आले, पण ते जाडेभरडे, खाली बसलेले. फोनवर लोक मला "साहेब" म्हणू लागले. डॉक्टर चांगले होते बिचारे. "बाई, शाळेत शिकवायला काही अडचण नाही," म्हणाले. मी विचारलं, "आणि गाणं?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. त्या दिवसापासून मी माणसांसमोर गायले नव्हते.

आणि आता ह्याच मैत्रिणीनं, मंगलनं, तरोडा नाक्याजवळच्या एका कॉफीच्या दुकानात माझं नाव देऊन ठेवलं होतं. शनिवारी संध्याकाळी तिथं कॉलेजची पोरं गातात, वाजवतात, कुणीही उठून गावं अशी रीत आहे म्हणे. फोनवर तिनं हे मला असं सांगितलं, जणू काही गॅसचा नंबर लावून ठेवलाय.

"मला विचारलंस का?" मी ओरडले. म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला.

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"मग?"

"मग काय. म्हणून न्हाई विचारलं."

मंगल ही अशी. आम्ही दोघी नांदेडला डीएडला एका खोलीत होतो. ती देवणीची, मी रेणापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिच्या वडिलांची देवणी जातीची नावाजलेली बैलजोडी होती, त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट ती बैलावरून जोखायची. गाण्याचा तिला जरासुद्धा गंध नव्हता. कॉलेजच्या प्रार्थनेत संगीताच्या सरांनी तिला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तू नुसते ओठ हलव. दुसरी असती तर खट्टू झाली असती. मंगलनं दोन वर्षं इमानदारीनं ओठ हलवले. आणि गाणं ऐकायचं वेड मात्र माझ्यापेक्षा तिलाच जास्त. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "गाता येत न्हाई म्हणून ऐकू नाय का? भूक लागायला सैपाक यावा लागतो व्हय?"

नांदेड आम्हाला तेव्हा मुंबईपेक्षा मोठं वाटायचं, कारण मुंबई आम्ही बघितली नव्हती. संध्याकाळ झाली की त्या शहराच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून गाणं यायचंच. वाऱ्याची दिशा बदलली की गाणं बदलायचं. होस्टेलच्या गच्चीवर कपडे काढायला गेलं की मंगल दोरीपाशी कान देऊन उभी राहायची आणि म्हणायची, "हे जुन्या नांदेडकडून येऊन राहिलंय. बघायला पायजे." आणि आम्ही ठरवून टाकलं, की डीएड संपायच्या आत या शहरात जिथं जिथं गाणं होतं तिथं तिथं जाऊन बसायचं. ऐकायचं. एकही जागा सोडायची नाही.

अडचण एकच होती, ती म्हणजे रेक्टरबाई. आठ वाजता फाटकाला कुलूप लागायचं, आणि संध्याकाळी बाहेर जायला कारण लागायचं. सिनेमा हे कारण नव्हतं. बाजार हे रविवारचं कारण होतं. बाकी दिवशी चालायचं ते एकच कारण: देवदर्शन. देवाला कोण नाही म्हणणार?

नदीकाठच्या महादेवापासून आम्ही सुरुवात केली. गोदावरीच्या घाटावर सोमवारी म्हातारे भजनाला बसायचे, पाण्याचा ओला शेवाळी वास यायचा, आणि टाळांचा आवाज नदीवरून जाऊन पलीकडच्या काठाला लागून परत यायचा. मग गुरुद्वारा. आत शिरताना वाहत्या पाण्यातून पाय धुऊन जायचं, डोक्यावर ओढणी घट्ट बांधायची, आणि थंडगार संगमरवरावर मांडी घालायची. पेटी आणि तबला इतका जवळून, इतका स्वच्छ, मी आधी कधीच ऐकला नव्हता. भाषा कळत नव्हती. एकदा मात्र त्यात "बीठल" असा शब्द आला आणि मंगलनं मला कोपरानं ढोसलं. "आपलाच की गं ह्यो!" प्रसादाच्या शिऱ्याचं तूप तळहातावर राहायचं, ते आम्ही हातावर हात चोळत होस्टेलपर्यंत आणायचो. आजही साजूक तुपात कणीक भाजली की मला आधी तो तबला ऐकू येतो.

गुरुवारी जुन्या गावातल्या दर्ग्यात कव्वाली असायची. तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशीच घोटाळलो. आपण इथं बसावं का, कुठं बसावं, काही कळेना. लोबानाचा धूर, गुलाबाच्या पाकळ्या, बेंजोची ती खणखणीत किनरी तार. भिंतीलगत बायका बसल्या होत्या, त्यातल्या एका म्हाताऱ्या खालांनी हात धरून मला खाली ओढलं. "कायकू खडे हो गे, बैठो ना. गाना कानां से सुनते, पावां से नै." त्यांनी आपली चादर आमच्या गुडघ्यांवरही पसरली. पुढच्या गुरुवारपासून त्या आमच्यासाठी जागा धरून ठेवायच्या, आणि उशीर झाला की रागवायच्या.

बँडवाल्यांच्या गल्लीत तर देवच नव्हता, तरी आम्ही गेलो. लग्नसराईच्या आधी तिथं तालमी चालायच्या. पत्र्याच्या शेडमध्ये एकजण टेपवर नवं सिनेमाचं गाणं तुकड्यातुकड्यानं लावायचा, क्लॅरिनेटवाला ते तुकड्यातुकड्यानं उचलायचा, आणि दोरीवर लाल कोट जरीसकट वाळत असायचे. चिंचेनं घासलेल्या पितळेचा आंबट वास सगळ्या गल्लीला. एका जाड्या क्लॅरिनेटवाल्याकडे बघून मंगल म्हणाली, "हा आपल्या सर्ज्या बैलासारखा हाय. दिसतो थंड, पर चढावर कळतं." पुढं तो चढावरचा सूर आला आणि मला पटलं. तिला सुरांची नावं कधीच कळली नाहीत, पण कुणात किती दम आहे हे ती बसल्या जागी सांगायची.

रमजानमध्ये इतवाऱ्याच्या बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. रोजा सुटला की अख्खा बाजार एकदम श्वास सोडायचा. खजूर, अत्तर, तव्यावरचं तेल, कुठं तरी लाऊडस्पीकरवर एखाद्या कोवळ्या गळ्यानं म्हटलेली नात, पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं. आम्ही माळकऱ्यांच्या मुली, आमची धाव फालुद्यापर्यंतच. गणपतीत ऑर्केस्ट्रा. त्यातला एक गायक अर्धं गाणं पुरुषाच्या आणि अर्धं बाईच्या आवाजात म्हणायचा आणि मंगल त्याच्यावर इतकी खूश, की पुढं आठवडाभर खोलीत तिचा तोच प्रयोग. मी कानात बोटं घालून अभ्यास केलाय.

रेक्टरबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. तपकिरीची चिमूट नाकाशी धरून त्या विचारायच्या, "आज कोणता देव?"

"आज महादेव, बाई."

"आणि काल?"

"काल गुरुद्वारा होता."

"गुरुवारी दर्ग्यात. तुम्ही दोघी तेहतीस कोटी पुरे केल्याशिवाय काही डीएड होत नाही." आणि चिमूट ओढून म्हणायच्या, "आठला आत. देवाला सांगा, पोरींना वेळेवर सोड."

मग एका रविवारी, बाजाराच्या नावाखाली, आम्ही या जिन्यावरून वर गेलो.

त्याआधी आमच्या गावच्या भजनाचं सांगायला हवं, नाही तर पुढं काय झालं ते कळायचं नाही. माझे आप्पा गावातल्या मारुतीच्या देवळात भजन सांगायचे. पुढं आप्पा, मागं सगळा गाव. पुढच्यानं ओळ टाकली की मागच्यांनी ती झेलायची. पुढचा थांबला आणि मागून कुणीच उठलं नाही, तर त्याच्यासारखी फजिती नाही. आप्पा मला परकर नेसायच्या वयापासून सांगायचे, "बाळे, ओळ खाली पडू द्यायची न्हाई. कुणाची बी असो." देवळात मी दारापाशी बसायचे, आणि पुरुषांचा आवाज कमी पडला की माझाच आवाज ती ओळ उचलून कळसापर्यंत न्यायचा. वर जायचा तो आवाज. आता सांगायला लाज कसली, फार वर जायचा.

तर रेस्टॉरंट. मंद पिवळे दिवे, टेबलावर मेणबत्ती, एसीचा गार वास. आम्ही सगळ्यात मागच्या टेबलावर, पर्स मांडीवर धरून. एक मसाला पापड आणि एक सूप दोघींत. चौथऱ्यावर रेशमी कुर्त्यातले मध्यमवयीन गायक, डोळे मिटलेले. त्यांनी पहिली ओळ म्हटली. काय ओळ होती ती! सावकाश, एकेक शब्द हातावर ठेवल्यासारखा. ओळ संपली, त्यांनी हात हवेत तसाच धरला, आणि थांबले. पेटी थांबली. तबला थांबला. सगळं रेस्टॉरंट गप्प.

आणि मागून कुणीच उचलेना.

माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी ओळ, आणि झेलायला कुणी नाही! मी विचार केलाच नाही. मी पूर्ण गळ्यानं ती ओळ उचलली आणि म्हटली. देवळात म्हणायचे तशी, टिपेला. आणि मंगल, माझी सखी, तिनं लगेच दोन्ही हातांनी टाळ्या धरल्या. चुकीच्या ठेक्यात.

काटे-चमचे थांबले. सगळी टेबलं वळली. गायकांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी मऊ आवाजात माइकवर म्हणाले, "ताई, इथं मागून म्हणत नसतात. इथं ऐकतात." मग जे हसू फुटलं, ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं आणि थांबायचं नावच घेईना. वेटरसुद्धा तोंडाला फडकं लावून हसला.

मी उठून पळाले आणि या जिन्यावर, खालून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसून रडले. असं रडले, की येणारे लोक मला वळसा घालून वर जात होते. आपण गावंढळ. आपल्याला एवढंही कळत नाही. आपला आवाजच गावंढळ. मंगल शेजारी बसून राहिली. मी थांबेना तेव्हा म्हणाली, "झालं का? पुढच्या रविवारी परत यायचंय आपल्याला."

"मी मेले तरी येणार न्हाई!"

"यायचंय. पापड अर्धा राहिलाय."

"मंगे, लोकं हसले."

"हसले तर हसले. पर आवाज सगळ्यांनी ऐकला का न्हाई? लई लांब गेला गं. खाली रस्त्यावरचा पानवालाबी वर बघून राहिला असंल."

आणि खरंच, पुढच्या रविवारी तिनं मला हाताला धरून वर नेलं. त्याच टेबलावर. वेटरनं ओळखलं, गालात हसला. गायकांनीही ओळखलं, पहिली ओळ संपली तेव्हा त्यांनी माझ्याकडे नजर टाकली. मी दोन्ही ओठ दातांखाली धरून बसले होते. मग पुढचा रविवार, त्याच्या पुढचा. त्या थांबण्यात काय असतं ते मला हळूहळू कळू लागलं. तिथं ओळ खाली पडत नाही, तिथं ती ऐकणाऱ्याकडे थोडा वेळ राहायला येते. हे कळलं आणि गाण्याची एक नवी खोली मला उघडून मिळाली. पण गावच्या देवळातली रीत मला कधीच चुकीची वाटली नाही. आजही वाटत नाही. तिथं ते खरं होतं, इथं हे.

एक इच्छा मात्र मनात धरून बसले होते. या शहरात एकदा त्या चौथऱ्यावर बसून गायचं. मागून नाही, पुढून. शेवटच्या रविवारी मी विचारणारच होते. शब्द जुळवून ठेवले होते. तर भारनियमनात लाइट गेली, माइक बंद पडला, जनरेटर काही चालू होईना, आणि गायक घाम पुसत खाली उतरून चहा पीत बसले. आठ वाजत आले. आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी परीक्षा, मग सामान, मग गाव.

पुढचं आयुष्य कुणालाही सांगता येईल असं साधं झालं. औशाजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, लातुरात घर, नवरा चांगला, दोन मुलं. गाणं शाळेतल्या परिपाठापुरतं, हळदीकुंकवापुरतं. तक्रार नव्हती. आवाज होता ना गळ्यात. कधीही काढू म्हणून ठेवणीतल्या साडीसारखा ठेवला होता. आणि एक दिवस कपाट उघडलं तर साडीच नाही.

ऑपरेशननंतर घरात सगळ्यांनी फार सांभाळलं. हे म्हणाले, "शाळेत शिट्टी वापर, ओरडू नको." मुलांनी मला मोबाइलवर गाणी भरून दिली. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मग मी मिक्सर लावून गायला लागले. चटणीला एरवी लागेल त्याच्या दुप्पट वेळ मिक्सर चालायचा, आणि त्याच्या घरघरीत मी माझा नवा आवाज चाचपडत बसायचे. वरचे सूर नव्हतेच. हात लावला की नुसती फुंकर. पण खाली, जिथं मी आयुष्यात कधी गेले नव्हते, तिथं काहीतरी होतं. खरबरीत, पण भरलेलं. मी रोज तिथं जात राहिले. आमच्या घरात शेंगदाण्याच्या चटणीचं त्या वर्षी पीठ झालं, पण कुणी बोललं नाही.

तरी माणसांसमोर? नाही. मंगलला मी तिच्या घरी पोचल्या पोचल्या तेच सांगितलं. ती आता नांदेडलाच शिक्षिका आहे, केस निम्मे पांढरे, गुडघे कुरकुरतात.

"मी ऐकायला येते. गाणार न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि कांदे चिरत राहिली.

"खरंच न्हाई, मंगल. तुला ठाऊक न्हाई आता कसा झालाय."

तिनं सुरी खाली ठेवली. "तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात होते ना? आत नेताना तू नवऱ्याला काय बोललीस, मुलांचं काय बोललीस? काहीच न्हाई. माझा हात धरून बोललीस, मंगे, एकदा गायचं होतं गं नांदेडला. मी इसरले न्हाई. तू इसरलीस व्हय?"

मला ते आठवत नव्हतं. भुलीच्या आधीचं बोलणं कुणाला आठवतं? पण माझ्या तोंडून दुसरं काय निघालं असतं, असं मनात आलं. तिनं कांदे फोडणीत टाकले. रागही आला होता, रडूही येत होतं, आणि त्या दोन्हींच्या खाली, अगदी तळाशी, मला कळून चुकलं होतं की मी गाणार आहे.

कॉफीचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला काचेची एक खोली. भाजलेल्या कॉफीचा वास, भिंतीवर रंगीत चित्रं, मशीनची फुसफुस. सगळी पोरं विशी-बाविशीतली. कोपऱ्यात एक उंच स्टूल, माइक, आणि गिटार घेतलेला दाढीवाला मुलगा. एकीनं हिंदी गाणं म्हटलं, गोड. एकानं स्वतःच केलेलं रॅप म्हटलं, त्यात नांदेडच्या उन्हाला शिव्या होत्या, मंगल जोरात हसली. मग माझं नाव पुकारलं गेलं. वळून बघणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत दिसत होतं: ही कुणाची आई?

मी पुढं गेले. स्टुलावर बसणं जमणार नव्हतं, साडीनं. उभीच राहिले. गिटारवाला आदबीनं म्हणाला, "काकू, पट्टी कोणती घेऊ?"

"काळी एक."

तो घुटमळला. "ती तर जेन्ट्सची होते, काकू. तुम्हाला खाली पडेल."

"आता ती माझी हाय. धर तू."

त्यानं तार छेडली. मी डोळे मिटले नाहीत. काय गायचं हेही ठरवलं नव्हतं, आणि तोंडात आली ती आईची ओवी. तूर भरडताना म्हणायची ती. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, घरात अशुभ होतं. पण आईच्या ओवीत ते फिरायचंच:

सरली माझी तूर, ओवी सरंना गं बाई
जातं रिकामं फिरतं, हात थांबायचा न्हाई

पहिला शब्द निघाला तेव्हा समोरच्या मुलीनं कप खाली ठेवला. आवाज खोलीत घुमला नाही, जमिनीवरून सरपटत गेला. दुसऱ्या ओळीत "थांबायचा" वर जुन्या सवयीनं मी वर चढायला गेले आणि गळा फाटला. नुसती फुंकर निघाली, माइकमधून सगळ्यांना ऐकू गेली. कुणीतरी खुर्ची सरकवली. कानशिलं तापली माझी. पळावं असं एकदा वाटलं. पण पळून जायचं वय आता राहिलेलं नव्हतं, आणि गुडघ्यात तेवढा जोरही नव्हता. मी श्वास घेतला, त्या शब्दाला खालून जाऊन धरलं, जिथं माझी ताकद होती तिथून, आणि ओळ पुरी केली. मग परत म्हटली. परत म्हटली. गिटारवाल्यानं बोटं हलकी केली, मग एकच तार ठेवली. कॉफीचं मशीन कुणीतरी बंद केलं. तिसऱ्या वेळी तो आवाज मला परका वाटेना. जाड, चिरलेला, पुरुषी म्हणा हवं तर, पण माझा.

ओवी संपली. टाळ्या वाजल्या, बऱ्यापैकी वाजल्या. मंगल पदराआड तोंड घालून बसली होती. दाढीवाला मुलगा हसत "थँक यू काकू" म्हणाला आणि पुढचं नाव पुकारायला माइककडे वाकला.

मी माइक सोडला नाही. त्याला हातानं बस म्हटलं, वर्गात म्हणते तसं, आणि दुसरं सुरू केलं.